बसलेल्याला आडवं करू नका

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नागपूरच्या कचेरीने बातमी ऐंशी शब्दांत मागितली. ऐंशीच दिले. उरलेलं कुठे ठेवायचं, म्हणून ही वही. माझ्या बायकोने, माधवीने, ती किराण्याच्या यादीसाठी आणली होती. पहिल्या ओळीत 'हिंग, साबुदाणा' आहे, ते तसंच राहू दिलं. मंगलाचरण म्हणून वाईट नाही.

घडलं ते असं. दुर्गजवळच्या जुनवानीतलं आमच्या मराठी मंडळाचं सभागृह पाडून तिथे तीन मजली इमारत व्हायची आहे. आज सकाळी जेसीबी पाया खणत असता सातेक फुटांवर कवटी लागली. चालकाने यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि चपला काढल्या. मंडळाचा अध्यक्ष सुमंत, त्याने मला फोन केला. "पंडितजी, लवकर या. तुमच्या खात्यातला माणूस निघाला." सुमंतचा रसमड्याला पत्र्याचे डबे करायचा कारखाना आहे. संस्कृतात एम. ए. झालेला माणूस मेलेल्यांचा खातेप्रमुख असतो, असं त्याचं प्रामाणिक मत आहे.

गेलो. कवटी पडलेली नव्हती, समोर पाहत होती. गळाभर पाण्यात बसून कोणी पलीकडचा काठ न्याहाळावा तशी.

"अतुलभाऊ, मर्डर-बिर्डर तर नाही ना?" सुमंत कुजबुजला.

"खून केलेल्याला कोणी इतकं नीट बसवत नाही."

पोलीस आले, त्यांनीही टोप्या काढल्या आणि रायपूरला पुरातत्त्व खात्याला कळवलं.

घरी बाबूजींना सांगितलं. बाबूजी म्हणजे माझे वडील, नत्थूजी. वय ऐंशी. पोलाद कारखान्यात पस्तीस वर्षं लॅडल क्रेन चालवली. वितळलेल्या पोलादाची घराएवढी बादली, छताखालच्या कॅबिनमध्ये बसून उचलायची आणि नेऊन ठेवायची. मुलाने संस्कृत घेतलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "घे. त्यातही काही जड असंन."

आज व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं.

"बसलेला हाये?"

"हो."

"मंग बरं हाये."

अलीकडे ते रात्रीही त्याच खुर्चीत झोपतात. पलंग टोचतो म्हणतात. म्हातारपणी माणसाच्या आवडी बदलतात.

१२ फेब्रुवारी, सोमवार

रायपूरहून गीतांजली नावाच्या अधिकारी आल्या. अधिकारी कसल्या, माझी लेक शोभेल अशा वयाची मुलगी. रायपूरच्या जुन्या मराठी घरातली. मराठी बोलता बोलता ती रस्ता ओलांडून हिंदीत जाते आणि परत येताना इकडेतिकडे पाहतही नाही. हातात रंगाऱ्याचा असतो तसा ब्रश. दिवसभर त्या ब्रशाने ती मातीची समजूत घालत होती.

संध्याकाळपर्यंत एका ओळीत पाच खड्डे दिसले. पाचांत पाच जण, मांडी घालून, उत्तरेकडे तोंड करून. बाजूला विटांच्या भिंतीचा तळ. शैव मठ असावा, म्हणाली. जवळच्या देवबलोद्याचं शिवाचं देऊळ ज्या काळातलं, त्याच्या आसपासचा, आठशे वर्षांपूर्वीचा. तिचा सगळा जोर 'असावा'वर होता. आम्ही बातमीदार नेमका तोच शब्द आधी कापतो.

आठशे वर्षं आणि ऐंशी शब्द. म्हणजे मी खड्ड्यात बसलेल्या त्या महाराजांना दहा वर्षांमागे एक शब्द दिला.

मी तिला सांगितलं, संन्याशाला अग्नी नाही. घर सोडतानाच त्याने तो सोडलेला असतो. म्हणून त्याला बसवतात आणि भोवती मीठ भरतात. ती म्हणाली, "सर, आपको तो सब मालूम है." हे वाक्य मी माधवीला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती कुकरची शिट्टी मोजत होती.

मिठावरून आठवलं. डॉक्टरांनी बाबूजींचं मीठ बंद केलंय. महाराजांना पोतंभर, बाबूजींना चिमूटभरही नाही. जगात न्याय नाही.

१५ फेब्रुवारी

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मंडळाचं जुनं सभागृह होतं, पण छप्पर नव्हतं. वर पोलाद कारखान्याकडचं ते लालसर आभाळ. पहिल्या ओळीत पाच महाराज बसले होते. मला भाषण करायचं होतं आणि विषय आठवत नव्हता. शेवटी मीच विचारलं, "कार्यक्रम सुरू झालाय की व्हायचाय?" पाचवे म्हणाले, "तू बस आधी." खुर्ची शोधत फिरलो. सगळ्या खुर्च्यांवर माती होती, ओली आणि उबदार, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

जागा झालो तेव्हा बाबूजी व्हरांड्यात चपलेशी झगडत होते. पाय सुजलेत. अंगठ्यात बोट शिरेना. बाजारातून दोन नंबर मोठी जोडी आणली. ऐंशीव्या वर्षी पाय वाढणारे आमच्या घराण्यातले ते पहिलेच. हा विनोद माधवीला सांगितला. ती हसली नाही. तिला माझे विनोद उशिरा कळतात.

१९ फेब्रुवारी, सोमवार

चार महाराज गेले. त्यांच्या खड्ड्यांतली माती जुन्या संडासाच्या टाकीमुळे भुसभुशीत झाली होती. ते बसल्या जागी कोसळले होते, मांडीवर छाती आणि छातीवर मस्तक. गीतांजलीने एकेक हाड नोंदवून पेट्यांत ठेवलं. पेट्या लांबट. एका पेटीत एक माणूस, अर्थात आडवा.

प्रश्न पाचव्याचा आहे. ते ताठ बसलेत, हात मांडीवर, हनुवटी किंचित वर. मी विचारलं, हेच कसे टिकले?

"हाडं बसत नाहीत सर. मिट्टी ने पकड़ के रखा है, चारों तरफ से. त्या दिवशी ज्यांनी माती भरली ना, त्यांनी खूप मन लावून भरली होती."

आता अडचण अशी. वरिष्ठांचं पत्र आलंय, चार मार्चला जागा मंडळाच्या ताब्यात द्या. यांनाही तसंच सुटं करून पेटीत भरा. गीतांजलीला मात्र ते आहेत तसे, मातीसकट, चौकोनी ठोकळा कापून उचलायचेत. तीन टन वजन. जरा कललं की माती फुटणार आणि आठशे वर्षांची बैठक एका क्षणात मोडणार. तिच्याकडे असं उचललेला माणूस नाही. म्हणजे उचलणारा.

सुमंत म्हणाला, "म्याडम, भावना मी समजतो, पण गणपतीच्या आधी स्लॅब पडला पाहिजे."

रात्री जेवताना बाबूजींना फोनवरचा फोटो दाखवला आणि पेटीचं सांगितलं. त्यांनी फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला. पोळी निवली.

"याले कावून झोपवून राहिले?"

"पेटीत मावायला हवेत ना, बाबूजी."

"पेटी मोठी करा नं. बसलेल्याले आडवं करू नका. बसलेला माणूस बसूनच उचलाव लागते." मग थांबून, श्वास घेऊन, "मी पस्तीस वर्षं अजून काय केलं?"

२२ फेब्रुवारी

बाबूजींना जागेवर नेलं. त्यांनीच हट्ट धरला. खुर्चीही गाडीत घातली, कारण दुसऱ्या खुर्चीत त्यांना बसवत नाही.

फाटकापासून खड्डा पन्नास पावलं. ते दहा पावलं चालायचे, उभे राहायचे, समोरच्या पळसाकडे टक लावून पाहायचे, मग पुढची दहा. पळस खरंच पाहण्यासारखा फुललाय. बाबूजींना झाडांची आवड आहे हे मला पन्नाशीत कळलं.

खड्ड्याच्या कडेला बसले. तासभर महाराजांभोवतीची माती पाहत राहिले. तुळसाबाई, मंडळाची झाडलोट करणारी, चहा घेऊन आली आणि महाराजांकडे हात करून म्हणाली, "बबा मन ला कइसे ले जाहू, बाबूजी?" या बाबांना कसं नेणार, असं विचारत होती. बाबूजी म्हणाले, "तेच पाहून राहिलो, बाई."

मग गीतांजलीला जवळ बोलावलं. "बेटा, वजनाचं काही नसते. वजनाच्या आत एक धागा असते मधोमध. तो सापडला का तीन टनही पोर उचलल्यासारखं उचलता येते. नाही सापडला तर लोटाही सांडते." काठीने मातीत आकृती काढली. चारी बाजूंनी पत्रे, समोरचा मांडीपर्यंतच, खालून एकेक पोलादी पट्टी सरकवायची, पोकळीत वाळू, वर चार कड्या. गीतांजली वहीत उतरवून घेत होती. माझ्या संस्कृताकडे आज कोणाचंही लक्ष नव्हतं.

पत्रे आणि पट्ट्या कोण देणार? सगळ्यांनी सुमंतकडे पाहिलं. "म्हणजे माझीच इमारत थांबवायची आणि माझ्याच कारखान्यातून?" तो म्हणाला. आणि संध्याकाळी मापं घ्यायला स्वतः खड्ड्यात उतरला, इस्त्रीच्या पँटीत.

२६ फेब्रुवारी, सोमवार

माधवी बाबूजींना दुर्गला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी नव्या राशन दुकानांच्या पत्रकार परिषदेत होतो. तिने आल्यावर सांगितलं: हृदय मोठं झालंय, नीट ओढत नाही, छातीत पाणी साचतं. औषधं वाढवलीत. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवून औषधांवर चालवू शकतो, किंवा रायपूरच्या मोठ्या इस्पितळात दाखल करून सगळ्या तपासण्या. किती फरक पडेल ते त्यांनाही सांगता येईना.

मी लगेच रायपूरला फोन लावला. आठ तारखेला खाट मिळतेय. मोठं इस्पितळ, सगळी यंत्रं एका छताखाली, दहा दिवसांत ठीक होऊन येतील. बाबूजी म्हणाले, "महाराज निघू दे. मंग पाहू." याचा अर्थ होकार.

माधवीच्या मनगटावर चार निळे वळ आहेत. विचारलं तर म्हणाली, बांगडी लागली. बांगडीला चार बोटं असतात हे मला नवीन.

२९ फेब्रुवारी

चार वर्षांनी येणारा दिवस, म्हणून दोन ओळी. खालून शेवटची पट्टी सरकली. आता महाराज मठाच्या जमिनीवर नाहीत, सुमंतच्या पट्ट्यांवर आहेत. सुमंत त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणतो.

स्वप्नात पुन्हा तेच सभागृह. या वेळी मला खुर्ची मिळाली. शेजारी कोण होतं ते पाहायचं राहून गेलं.

३ मार्च, रविवार

उद्यावर न ढकलता आजच लिहितो.

सकाळी आठला हायड्रा आला, तो पिवळा, पुढे लांब सोंड असलेला क्रेन. चालक बबलू. दुर्गच्या रेल्वे कॉलनीतला, चाळिशीचा, गळ्यात तीन ताईत. खड्डा पाहून म्हणाला, "काकाजी, मी ट्रान्सफॉर्मर उचलतो, गर्डर उचलतो. साधूबाबा नाही उचलले कधी. काही झालं तर?"

"तू उचलूच नको," बाबूजी म्हणाले. "मी उचलतो. तू फक्त माझ्या हाताकडे पाह्य."

आमची व्हरांड्यातली खुर्ची खड्ड्याच्या कडेला मांडलेली. बाबूजींनी आज कारखान्यातलं जुनं पिवळं हेल्मेट घातलं होतं. ते घरात कुठे होतं देव जाणे. कड्यांत तारेचे दोर अडकवले. बाबूजींनी उजवा हात वर केला, तर्जनी आभाळाकडे, आणि हवेत एक लहानसं वर्तुळ काढलं.

"हाबेस."

म्हणजे वर घे. खाली सोडायचं असलं की 'आरिया'. लहानपणी हे शब्द घरात रोज असायचे. भरलेला हंडा उतरवतानाही आई 'आरिया, आरिया' म्हणायची. मला कॉलेजात जाईपर्यंत ती आर्या वृत्ताची काही भानगड वाटत होती.

दोर ताणले. ठोकळा एक बोट उचलला गेला. बाबूजींनी मूठ मिटली. थांब.

आणि थांबवूनच ठेवलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. तीन टन माती जमिनीपासून बोटभर वर आणि कोणी श्वास घेईना. सुमंतने घड्याळ पाहिलं.

"घाई कोणाले हाये?" बाबूजी म्हणाले. "त्याले? आठशे वर्षं बसला हाये तो."

मग म्हणाले, "डावीकडे झुकून राहिला. आरिया." पुन्हा खाली. एक दोर अर्धी वीत आखूड केला. पुन्हा हाबेस, पुन्हा मूठ. दोर हलला, थरथरला आणि शांत झाला. बाबूजींचा चेहराही तसाच शांत झाला. धागा सापडला होता.

त्यानंतर त्यांनी हात वापरला नाही. फक्त करंगळी. करंगळी केसभर उचलली की तीन टन केसभर वर यायचे. बबलू काचेतून त्या करंगळीकडे असा पाहत होता की त्याला बाकी जग दिसत नसावं. खड्ड्यातून आधी मस्तक आलं, मग खांदे, मग मांडीवरचे हात. वाळू बारीक धारेने गळत होती. कोणीतरी पाण्यातून वर येत होतं आणि पाणी ओघळत होतं.

एका क्षणी महाराजांचा चेहरा बाबूजींच्या चेहऱ्यासमोर आला. दोघेही बसलेले. मधे दोन हात हवा. बाबूजींनी मूठ मिटली.

दोघं एकमेकांकडे पाहत होते. एकाला डोळे होते, दुसऱ्याला नव्हते, पण तेवढ्यापुरता मला फरक सांगता आला नसता. पळसाची दोन फुलं पडली. बाबूजी ओठ हलवून काहीतरी बोलले. मी जवळ उभा होतो, तरी मला ऐकू आलं नाही. ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं.

मग करंगळी पुन्हा हलली.

ट्रकवर वाळूची गादी केली होती. "आरिया... आरिया... अजून... बस." तीन टन टेकल्याचा आवाजही झाला नाही. गीतांजलीने जाऊन तपासलं. एक दात निखळला होता, तेवढाच. तो तिने पाकिटात घालून वर क्रमांक लिहिला आणि मग ट्रकच्या चाकाला टेकून रडली. सुमंत दुसऱ्या चाकापाशी नाक पुसत होता. धूळ फार होती, म्हणाला.

बबलू खाली उतरून बाबूजींच्या पाया पडला. पायांना हात लावला आणि दचकून वर पाहिलं. बोटांचे ठसे सुजलेल्या पायांवर तसेच राहिले होते, ओल्या मातीत राहतात तसे. बाबूजींनी धोतर खाली ओढलं.

मी ते पाहिलं. इथे लिहितोय म्हणजे पाहिलंच.

५ मार्च, मंगळवार

रायपूरच्या बॅगेत कपडे भरत होतो. बाबूजींनी हाक मारली.

"अतुल, ते राहू दे."

"बाबूजी, खाट मिळालीय. शुक्रवारी..."

"खाटच म्हणतो मी. मले आडवं नको करू."

मी वाद घातला. मी चांगला वाद घालतो, न्यायशास्त्र शिकलोय. यंत्रं, तज्ज्ञ, दहा दिवस. ते ऐकत राहिले. मधे एखादा शब्द बोलले तरी त्यांना श्वास गोळा करायला थांबावं लागत होतं.

"तुझं बरोबर हाये," शेवटी म्हणाले. "मी नाही जात."

स्वयंपाकघरात माधवीवर आवाज चढवला. तूच समजाव त्यांना, तुझं ऐकतात. तिने गॅस बंद केला. मग बांगड्या वर सरकवल्या. वळ आता पिवळे पडलेत.

"त्या दिवशी दुर्गला तपासायला आडवं केलं त्यांना. दोनच मिनिटं. बुडणारा माणूस धरतो तसं धरलं हो मला. डोळे असे... 'बसव, सूनबाई, बसव मले.' तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांनीच मान हलवली, नको सांगू म्हणून. पलंग टोचतो, पाय वाढले, झाडं पाहतात. सगळं लिहिता ना तुम्ही वहीत? वाचा एकदा."

वाचली. पहिल्या पानापासून. हिंग, साबुदाणा इथपासून.

आठशे वर्षांपूर्वी कोणाला कसं बसवलं होतं ते मी खड्ड्यात न उतरता सांगत होतो.

७ मार्च, गुरुवार

दुर्गच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, घरी ठेवा. औषधं लिहून देतो, गरज पडली तर घरी ऑक्सिजनही लावू. झोपवू नका. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर येऊन रायपूरला फोन केला आणि खाट दुसऱ्या कोणाला द्या म्हणालो.

गीतांजलीचा निरोप आला, महाराज रायपूरला नीट पोचले. काचेची पेटी व्हायची आहे, बसल्या मापाची. तोवर पत्र्यातच. सोबत फोटो. बाबूजींनी तो लांब धरला, जवळ धरला.

"झुकला तर नाही?"

"नाही."

"मंग बरं हाये."

उद्या महाशिवरात्र. शेजारच्या देवळात आत्ताच झांजा सुरू झाल्यात. दिवेलागणीला आम्ही दोघांनी बाबूजींची बैठक लावली. पाठीशी गादीची वळकटी. डावीकडे माधवीने तक्क्या दिला, उजवीकडे मी दोन उशा, आईची जुनी गोधडी घडी घालून. पुढे लहान टेबल आणि त्यावर उशी, वाटलं तर कपाळ टेकायला. मी सैल लावत होतो. त्यांना आवळलं जाऊ नये म्हणून.

"घट्ट भर," बाबूजी म्हणाले.

घट्ट भरली. एकेक फट शोधून, मन लावून. गोधडीचं टोक काखेखाली सरकवलं. माधवीने मानेमागे टॉवेलची गुंडाळी दिली. बाबूजींनी डोळे मिटले. खुर्चीच्या हातावरची करंगळी केसभर खाली आली. आम्ही त्यांना तेवढं खाली सरकू दिलं. अजून केसभर. मग मूठ मिटली.

आम्ही दोघांनी हात काढून घेतले. बाबूजी बसलेले होते.